४६ अंशांतला जनरेटर

अमेरिकेतल्या मराठी घरांत आई-बाबा मुक्कामाला येतात ते बहुधा मे ते सप्टेंबर या दिवसांत. नातवंडांच्या शाळांना सुट्टी असते, दिवस मोठे असतात, आणि मग कुणाच्या तरी डोक्यात येतं की या खेपेला हॉटेलं नकोत, आरव्ही भाड्याने घेऊ. ओटा, बिछाने, संडास सगळं बरोबर. ग्रँड कॅन्यन, झायन, जमलं तर डेथ व्हॅली. बेत उत्तम, फक्त नैर्ऋत्येच्या वाळवंटात जायचे हे महिने नव्हेत. फिनिक्समध्ये २०२३ साली ३० जूनपासून सलग ३१ दिवस पाऱ्याने ४३ अंश सेल्सिअस ओलांडले. पुढच्या वर्षी तिथे सलग ११३ दिवस कमाल तापमान ३८ अंशांच्या घरात किंवा त्याच्या वर राहिलं. डेथ व्हॅलीतल्या फर्नेस क्रीकची १० जुलै १९१३ ची ५६.७ अंशांची नोंद, तिच्याबद्दल वाद असले तरी, आजही जागतिक उच्चांक म्हणून धरली जाते.

अशा हवेत पत्र्याच्या त्या खोलीत माणूस टिकतो तो छतावरच्या एसीमुळे, आणि जिथे विजेची जोडणी नाही तिथे एसी चालतो तो गाडीच्या पोटातल्या जनरेटरवर. उन्हात जनरेटर कसा सांभाळावा यावर सल्ल्यांची कमतरता नाही: तेल बघा, फिल्टर झटका, सावली धरा. बहुतेक सल्ले बरोबरच असतात. माझी तक्रार एवढीच की त्यांत सगळ्या गोष्टी एकाच वजनाने सांगितलेल्या असतात. काही चुकांनी एसी बंद पडतो, काहींनी इंजिन जातं, आणि एका चुकीने माणसं जातात.

आधी शक्तीचा हिशेब. भाड्याच्या मध्यम आकाराच्या आरव्हीत साधारण ४,००० वॉटचा, पेट्रोलवर चालणारा, हवेने थंड होणारा जनरेटर असतो; त्यावर बहुधा कमिन्स ओनानचं नाव दिसतं. पाटीवरचा ४,००० हा आकडा समुद्रसपाटीजवळच्या, बेताच्या उबेतल्या हवेसाठी असतो. उंचीवर हवा विरळ, म्हणून इंजिनाला ऑक्सिजन कमी. दर हजार फुटांमागे सुमारे साडेतीन टक्के शक्ती जाते. तापलेली हवाही विरळ असते, पण तिचा फटका त्या मानाने बारीक आहे: तिशीच्या वर दर साडेपाच अंशांना साधारण एक टक्का. म्हणजे हजारेक फुटांवरच्या फिनिक्समध्ये ४६ अंशांत ४,००० चे सुमारे ३,७५० वॉट उरतात, आणि सात हजार फुटांवरच्या फ्लॅगस्टाफच्या गारव्यात मात्र जेमतेम ३,०००. नुसत्या या गणिताने पाहिलं तर जनरेटरची खरी वैरीण उंची आहे, ऊन नव्हे.

तरीही जनरेटर बंद पडतात ते उन्हातच, कारण ऊन गणिताची दुसरी बाजू फुगवतं. छतावरचा १३,५०० बीटीयूचा एसी खोलीतली उष्णता उपसून बाहेर टाकतो. बाहेरची हवाच ४६ अंशांची असेल तर ती उष्णता ढकलायला कॉम्प्रेसरला जास्त दाब लागतो, जास्त दाबाला जास्त वीज. बऱ्या हवेत १,४००–१,५०० वॉटवर भागणारा एसी भर दुपारी १,८०० पर्यंत जातो, तोही न थांबता. गाडीत बसवलेल्या ४,००० वॉटच्या यंत्राला एक एसी झेपतो. पंचाईत होते ती दुसरा एसी लावल्यावर, किंवा एकाच्या जोडीला आईने इन्स्टंट पॉटमध्ये खिचडी लावली, कुणी मायक्रोवेव्ह फिरवला आणि गाडीचा कन्व्हर्टर मागे गुपचूप बॅटऱ्या भरत बसला तर. ज्यांची भिस्त होंडा ईयू२२००आयसारख्या हातात उचलून न्यायच्या यंत्रावर असते त्यांना तर जागाच नसते: त्याची सततची क्षमता १,८०० वॉट, तीही पाटीवरची. वर कॉम्प्रेसर सुरू होतानाचा क्षणभराचा झटका चालू भाराच्या कितीतरी पट असतो. तो झटका उतरवणारे सॉफ्ट स्टार्टर आता सर्रास बसवतात, आणि छोट्या जनरेटरवर एसी चालवायचा असेल तर पैसे आधी तिथे घालावेत असं माझं मत आहे. मात्र ते फक्त सुरुवात सोपी करतात. दुपारी तीनचा सततचा भार त्यांनी कमी होत नाही. तो कमी करायचा तर फ्रीज आणि पाण्याचा बंब एलपीजीवर टाकायचा, खिडक्यांना चकचकीत पत्रे लावायचे, आणि एसी सकाळी दहालाच सुरू करायचा. तापलेली गाडी दुपारी थंड करणं हे थंड गाडी थंड ठेवण्यापेक्षा फार अवघड काम आहे.

आता इंजिनाकडे. हवामानखात्याचे ४६ अंश सावलीतले, जमिनीपासून वर मोजलेले. आरव्हीचा जनरेटर जमिनीलगत असतो, आणि फिनिक्सच्या डांबराचा पृष्ठभाग उन्हाळ्यात ६५–७० अंशांपर्यंत सहज तापतो. गाडी नुकतीच घाट चढून आलेली असेल तर तिच्या स्वतःच्या सायलेन्सरची धग शेजारी असतेच. हवेने थंड होणाऱ्या यंत्राने त्या हवेतून गारवा काढायचा. म्हणून डांबर सोडून माती-खडीवर गाडी लावणं, जनरेटरच्या बाजूला वारा आणि सावली मिळेल असा रोख ठेवणं, पोचल्यावर थोडा वेळ जाऊ देऊन मग तो सुरू करणं या साध्या गोष्टींनी जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या उपकरणांनी पडत नाही. आवाज दाबायला सुट्या जनरेटरभोवती फळ्यांची पेटी करणारे हौशी लोक असतात; ते यंत्राला त्याचीच सोडलेली गरम हवा परत पाजतात. गाडीतल्या जनरेटरचं झाकण ‘हवा लागू दे’ म्हणून काढून ठेवणं हाही असाच उलटा उपाय. आतला पंखा हवा खेचतो ती झाकण लावलेलं असेल तेव्हा ठरल्या वाटेने जाते. झाकण काढलं की ती भलतीकडून फिरते आणि सिलिंडर तापतो.

तेलाबद्दल एकच म्हणतो. अशा इंजिनात तेल वंगण तर करतंच, उष्णताही वाहून नेतं. म्हणून पातळी रोज पाहायची, उत्पादकाच्या तक्त्यातला उन्हाळी दर्जा भरायचा, आणि बदलायचं अंतर नेहमीच्यापेक्षा बरंच कमी ठेवायचं. बंद करण्याआधी एसी बंद करून दोन-चार मिनिटं इंजिन रिकामं चालू द्यायचं, एवढी सवय हाताला हवी.

पेट्रोल हा मात्र वेगळाच प्रकार. इंजिन अर्धा तास नीट चालतं, मग आवाज वरखाली व्हायला लागतो, आणि ते थांबतं. तासाभराने पुन्हा काही झालंच नाही अशा थाटात सुरू होतं. याला व्हेपर लॉक म्हणतात: तापलेल्या नळीत पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला द्रवाऐवजी बुडबुडे ओढावे लागतात. अमेरिकेत पेट्रोलचे उन्हाळी आणि हिवाळी अशी वेगळी मिश्रणं विकली जातात. हिवाळी मिश्रण मुद्दाम जास्त बाष्पशील असतं, म्हणजे थंडीत इंजिन चटकन सुरू व्हावं. एप्रिलच्या अवचित उकाड्यात टाकीत अजून हिवाळी पेट्रोल असेल तर हा त्रास हमखास होतो. टाकी भरलेली ठेवली की पेट्रोल कमी तापतं. शिवाय गाडीच्या टाकीतून जनरेटरला जाणारी नळी मुद्दामच तळापासून वर ठेवलेली असते; टाकी पाव भागावर आली की जनरेटर थांबतो आणि गाडी मात्र चालते. वाळवंटात अडकू नये म्हणून केलेली ही सोय ठाऊक नसलेला माणूस भर उन्हात बोनेट उघडून उभा राहतो. डिझेल आणि एलपीजीच्या जनरेटरांना हा वाफेचा विकार नाही. एलपीजीवर शक्ती थोडी कमी मिळते, पण ते टाकीत पडून खराबही होत नाही. पेट्रोल होतं. महिनोन्महिने न चालवलेल्या जनरेटरच्या कार्ब्युरेटरात राळ धरते, म्हणून दर महिन्याला निम्म्या भारावर दोनेक तास तो फिरवायला सांगतात. सुट्या जनरेटरमध्ये पेट्रोल ओतायचं ते तो बंद करून, निवल्यावर. घाम पुसत, एसी थांबू नये म्हणून चालू यंत्रात कॅन रिकामा करणं हे आगीला दिलेलं आमंत्रण आहे. पेट्रोल पंपावर गाडी लावण्याआधीही आतला जनरेटर बंद हवा. मागे बसलेल्यांना दहा मिनिटं उकडलं तरी चालेल.

नकाशा पाहताना ज्याचा विचार कुणी करत नाही अशी एक बाब फ्लॅगस्टाफ–फिनिक्स रस्त्यावर भेटते. आंतरराज्य महामार्ग १७ तुम्हाला दोन-अडीच तासांत सुमारे १,७५० मीटर खाली आणतो. जुलैत फ्लॅगस्टाफची सरासरी कमाल २८ अंशांच्या आसपास, फिनिक्सची ४१. कार्ब्युरेटरवाल्या पुष्कळ जनरेटरांवर उंचीसाठी एक खुंटी असते. डोंगरावर पेट्रोलचं प्रमाण कमी करायला ती फिरवायची, नाही तर काळा धूर निघतो. ती तशीच ठेवून खाली उतरलात तर दाट हवेत पेट्रोल कमी पडतं, मिश्रण रोडावतं, आणि रोडावलेलं मिश्रण जास्त तापतं. नेमकं तिथेच, जिथे बाहेर ४३ अंश आहेत आणि एसी पूर्ण जोरात. इंजिन चालू राहतं, तक्रार करत नाही, म्हणून चूक कळतही नाही. भाड्याची गाडी घेताना त्या खुंटीबद्दल विचारलेलं बरं. नव्या फ्यूल इंजेक्शनच्या यंत्रांत ही कटकट उरलेली नाही.

धूळ आणि पाऊस यांचा हिशेब थोडक्यात आटोपतो. ॲरिझोनात मॉन्सून १५ जून ते ३० सप्टेंबर असा मोजतात आणि त्याच्या पुढे धुळीच्या भिंती चालत येतात. तेव्हा जनरेटर बंद करायचा. पंधरा-वीस मिनिटांच्या उकाड्यापेक्षा बुजलेला हवेचा फिल्टर महाग पडतो. नेवाडातल्या ब्लॅक रॉक वाळवंटातली, बर्निंग मॅनवाल्यांच्या परिचयाची धूळ तर क्षारयुक्त, पिठासारखी बारीक. ती फिल्टरबरोबर धातूलाही खाते. सुटा जनरेटर पावसात उघड्यावर चालवायचा नसतो आणि पावसापासून वाचवायला तंबूत न्यायचा तर मुळीच नसतो. वाळलेल्या गवतावर गाडी लावून जनरेटर सुरू करणं, ठिणगीरोधक जाळी नसताना वनखात्याच्या हद्दीत तो चालवणं, हे वणव्यांच्या प्रदेशात गुन्ह्यात मोडू शकतं.

आता धूर. बाकीच्या चुका पैशांत मोजता येतात, ही नाही.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या मते एक सुटा जनरेटर शेकडो मोटारींएवढा कार्बन मोनॉक्साइड सोडू शकतो, आणि अशा जनरेटरांमुळे त्या देशात वर्षाला सरासरी शंभराच्या आसपास माणसं मरतात. उन्हाचा याच्याशी थेट संबंध आहे. ऑगस्ट २०२० मध्ये लुईझियानाला लॉरा वादळाने झोडपलं, वीज गेली, उकाडा राहिला; पहिल्या काही दिवसांत नोंदलेल्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक जनरेटरच्या धुराने झालेले होते. थंडीत माणूस शेकोटीबद्दल सावध असतो. उन्हात तो एसीसाठी खिडक्या लावून घेतो, जनरेटर तासन्‌तास चालू ठेवतो, आणि झोपतो.

त्यात लक्षणांचा घोळ. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, गळून जाणं: ही उन्हाच्या तडाख्याची लक्षणं, आणि हीच कार्बन मोनॉक्साइडचीही. दुपारभर फिरून आलेल्या बाबांचं डोकं धरलं तर घरचे काय करतील? ‘ऊन लागलं’ म्हणत त्यांना आत नेऊन एसीसमोर झोपवतील. धूर आत असेल तर उपायानेच विषाची मात्रा वाढते. कोविडपासून प्रत्येक मराठी घरच्या औषधांच्या डब्यात ऑक्सिमीटर असतो. तो इथे फसवतो, कारण बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेलं हिमोग्लोबिन ओळखत नाही आणि ९८ दाखवून मोकळा होतो. ओळखायच्या खुणा वेगळ्या आहेत. दोघा-तिघांना एकदमच डोकेदुखी, बाहेर पडल्यावर बरं वाटणं, अंग तापलेलं नसणं. शंका आली तर सगळ्यांनी आधी बाहेर, मग ९११. आणि हेही ध्यानात असू द्यावं की डेथ व्हॅलीत पारा ४९ च्या पुढे गेला की रुग्णांना नेणारी हेलिकॉप्टरं तापून विरळ झालेल्या हवेमुळे उडू शकत नाहीत.

धूर आत येतो कसा? जनरेटर बाहेर आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांना छतावरचा पंखा आठवत नाही. स्वयंपाकाचा वास जावा म्हणून तो हवा बाहेर फेकतो, गाडीत दाब कमी होतो, आणि फरशीतल्या नळ्या-तारांच्या भोकांतून खालची हवा आत ओढली जाते. खाली जनरेटरची नळी असते. कच्च्या रस्त्यावर दगडाला लागून ती नळी वाकली किंवा तिचं तोंड गाडीच्या कडेच्या आत राहिलं तर धूर फरशीखालीच साचतो. सावलीसाठी बाजूला ताणलेलं कापड, शेजारी खेटून लावलेली दुसरी आरव्ही, दाट झुडूप, भिंत, यांनीही तो कोंडतो. कित्येकदा धूर आपला नसतो, शेजाऱ्याचा असतो. सुटा जनरेटर किमान वीस फूट लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, धुराचं तोंड माणसांपासून दूर. गाडीतल्या जनरेटरला धूर छताच्या वर नेणारी उभी नळी जोडता येते, आणि मला ती चैनीची वस्तू वाटत नाही.

कार्बन मोनॉक्साइडच्या गजराचा भरवसा किती धरावा? आरव्हीत तो असतोच. पण अमेरिकी मानकानुसार गजर ७० पीपीएमला एक ते चार तासांनी वाजला तरी चालतो, १५० ला दहा ते पन्नास मिनिटांत, ४०० ला चार ते पंधरा मिनिटांत. धडधाकट माणसाला वाचवण्यासाठी हे आकडे पुरेसे ठरतात. हृदयविकार असलेल्या सत्तरीच्या माणसाला त्याहून कमी मात्रेतही त्रास होतो. वर संवेदक ठरावीक वर्षांनी निकामी होतो, आणि चाचणीचं बटण दाबलं की कळतं ते भोंगा वाजतो एवढंच. मागची तारीख वाचायला हवी. नव्या सुट्या जनरेटरांत २०१८ च्या मानकांनुसार कार्बन मोनॉक्साइड वाढला की आपोआप बंद होण्याची सोय आली, ती चांगलीच आहे. मात्र तिचा संवेदक यंत्रावर असतो. वाऱ्याने धूर यंत्रापासून दूर आणि तुमच्या खिडकीत नेला तर त्याला पत्ता लागत नाही. तापमान वाढलं की आपोआप सुरू होणाऱ्या जनरेटरांचंही तसंच: कुत्र्याला गाडीत ठेवून जाणाऱ्यांना ती सोय वरदान वाटते, पण हेच यंत्र बंद शेडमध्ये उभ्या गाडीतही आपणहून सुरू होऊ शकतं. गाडी ठेवून देताना ते बटण आठवणीने बंद करायचं.

झोपेत जनरेटर चालू ठेवू नये, हा नियम सगळे सांगतात. राष्ट्रीय उद्यानांच्या कॅम्पग्राउंडात तर तासच ठरलेले असतात, पन्नास फुटांवर साठ डेसिबलची मर्यादाही असते. सरकारी वाळवंटी जमिनींवरच्या दीर्घ मुक्कामाच्या तळांवर रात्री दहा ते सकाळी सहा शांतता. आणि फर्नेस क्रीकला जुलैत पहाटेही पारा अनेकदा ३२ च्या खाली येत नाही. म्हणजे नियम पाळला तर झोप नाही, मोडला तर धोका. सल्ले देणारे या पेचाजवळ येऊन थांबतात. माझ्या मते अशा जागी जनरेटरच्या भरवशावर रात्र काढायला जाऊच नये. काही भाड्याच्या कंपन्या कडक उन्हाळ्यात डेथ व्हॅलीत गाडी न्यायला करारातच मनाई करतात. ती अट वाचून नाराज होण्याऐवजी डोंगर गाठावा. उंची जनरेटरची वीस टक्के शक्ती घेते खरी, पण तिथे एसीच लागत नाही. ॲरिझोनातल्या क्वार्ट्‌झाइटच्या वाळवंटात हिवाळाभर हजारो आरव्ही लावून बसणारे निवृत्त लोक हेच करतात: तिथला सरकारी हंगाम १५ एप्रिलला संपतो आणि तांडे उत्तरेकडे, वर निघतात.

ज्यांना निघता येत नाही त्यांची गोष्ट वेगळी. घरभाडं परवडत नाही म्हणून जुन्या ट्रेलरमध्ये बारा महिने राहणारी माणसं फिनिक्सच्या परिसरात आहेत. मॅरिकोपा काउंटीने २०२३ मध्ये उष्णतेशी निगडित ६४५ मृत्यू नोंदवले. घरात दगावलेल्यांपैकी पुष्कळांकडे एसी होता, तो बिघडलेला किंवा बंद होता. त्यांना ‘वर जा’ सांगून उपयोग नाही. त्यांच्यासाठी शहराची गारवा केंद्रं आणि विजेची खरी जोडणी, एवढीच उत्तरं खरी आहेत.

सौरपट्ट्या आणि लिथियम बॅटऱ्या यांनी जनरेटर कालबाह्य केला असं हल्ली ऐकू येतं. रात्रीचे आठ तास १,५०० वॉटचा एसी सलग चालवायचा तर १२ युनिट लागतात. १०० ॲम्पिअर-तासांच्या बारा व्होल्टी लिथियम बॅटरीत सव्वा युनिटच्या आसपास मावतं. म्हणजे नऊ-दहा बॅटऱ्या, आणि त्या दुसऱ्या दिवशी भरायला मोठं छत. सौरपट्टीचा पृष्ठभाग ६५–७० अंशांवर गेला की तिचं उत्पादन पंधरा टक्क्यांच्या आसपास घसरतं, आणि फार तापलेली लिथियम बॅटरी स्वतःच चार्जिंग नाकारते. पंखा, दिवे, फ्रीज यांच्यासाठी ही व्यवस्था जनरेटरपेक्षा सरस आहे. भर उन्हाळ्यातल्या एसीसाठी ती अजून श्रीमंतांची आहे.

राहता राहिला पैसे मोजून घेतलेला विजेचा खांब. तोच सगळ्यांत बरा. मात्र जुन्या कॅम्पग्राउंडात दुपारी सगळ्या आरव्हींचे एसी एकदम चालू झाले की १२० व्होल्टचे १०५ होतात, आणि कमी व्होल्टेजवर कॉम्प्रेसर जळतो. त्यापासून राखण करणारं उपकरण १०४ च्या खाली वीज तोडतं, आणि मग आजूबाजूला एकेक जनरेटर सुरू झाल्याचा आवाज येऊ लागतो.